ग्रंथात नसलेला अध्याय

त्या वर्षीच्या वर्षावासात आबांनी जो अध्याय वाचला, तो ग्रंथात नाही. मी तीन वेळा शोधला. अनुक्रमणिका पाहिली, पानं एकेक करून उलटली, शेवटी शेजारच्या गावातल्या विहारातून दुसरी प्रत मागून आणली आणि तीही चाळली. नाही म्हणजे नाही. पण आमच्या गावातली तीस-पस्तीस माणसं आजही सांगतील की आबांनी तो वाचला, ओळीनं दहा-बारा संध्याकाळी वाचला, आणि इतका चांगला अध्याय त्यांनी आधी कधी ऐकला नव्हता.

आबा म्हणजे माझे वडील. पोस्टात होते. बुलढाणा जिल्ह्यातल्या उंद्रीच्या आसपासची खेडी त्यांनी सायकलवर पालथी घातली. ज्यांना वाचता येत नसे त्यांना आलेली पत्रं उंबऱ्यावर बसून वाचून दाखवायची, हा त्यांचा जादा उद्योग. आमचं गाव उंद्रीपासून थोडं आत आहे. घरात आम्ही तिघंच, आबा, आई आणि मी. मी चिखलीच्या बाजूला एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. लग्न केलं नाही. त्यावर गावाला जे बोलायचं होतं ते बोलून झालेलं आहे, तेव्हा ते इथे परत नको.

आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, तीन महिने, आमच्या विहारात रोज संध्याकाळी ग्रंथ वाचतात. माणसं पांढरे कपडे घालून येतात, वंदना होते, त्रिसरण-पंचशील होतं, मग एकजण वाचतो आणि बाकीचे ऐकतात. वीस वर्षं वाचणारे आबाच. त्यांचा बोलायचा आवाज वेगळा आणि वाचायचा वेगळा. घरात ते "चहा ठेव व माय" म्हणणारे साधे वऱ्हाडी माणूस, पण ग्रंथ मांडीवर आला की एकेक शब्द धुऊन वाळवल्यासारखा स्वच्छ येई. ऐकणाऱ्यांचा एकच नियम, वाचणाऱ्याला मध्ये टोकायचं नाही. हा कुठे लिहिलेला नाही, पण आमच्याकडे लहान लेकरूही तो पाळतं.

त्या अध्यायाच्या दोन वर्षं आधी आबांच्या पायांना सूज यायला लागली होती. पोट फुगलेलं दिसे. बुलढाण्याच्या पोटाच्या डॉक्टरांकडे नेलं, सोनोग्राफी झाली, आणि लिव्हर आकसलंय असं निघालं. फार जुनी कावीळ होती म्हणे, बहुतेक कधीकाळी ऑपरेशनच्या वेळी चढवलेल्या रक्तातून आलेली. वर्षानुवर्षं ती आत बसून लिव्हर कुरतडत राहिली आणि आम्हाला पत्ता नाही. डॉक्टरांनी सगळ्यांना विचारतात तसं त्यांनाही विचारलं, "पिता का?" आबांनी तोंड उघडण्याआधी मीच नाही म्हणाले. परतीच्या एस. टी. त ते खिडकीबाहेर बघत बसले होते. केळवद मागे पडल्यावर म्हणाले, "डाक्टरनं इचारलं. गाव काऊन सोडन?"

त्यांचं म्हणणं मला लगेच समजलं. रोज संध्याकाळी आबाच पंचशील देत. पाचवं शील दारूपासून दूर राहण्याचं. त्यांच्या शब्दावर गावातल्या चार-पाच माणसांनी बाटली सोडली होती, त्यांच्या बायका अजून आईच्या पाया पडायच्या. आणि आमच्या भागात 'लिव्हर' म्हटलं की ऐकणाऱ्याच्या तोंडून पुढचा शब्द 'दारू' हाच निघतो. उभ्या जन्मात थेंब न घेतलेला माणूस, पण कोणाकोणाला सांगत फिरणार? मी म्हणाले, "आपण ॲसिडिटी सांगू." कल्पना माझी. हे मी आधीच लिहून टाकते, कारण पुढे ते सोयीस्कर विसरण्याची माझी इच्छा होईल. आई म्हणाली, "अन् चौथ्या शीलाचं काय?" चौथं शील खोटं न बोलण्याचं. मी तिला गप्प केलं. पाचव्याची अब्रू राखायला आम्ही घरच्या घरी चौथं मोडलं आणि जेवायला बसलो.

डॉक्टरांनी बरीच औषधं दिली होती. त्यातलं एक गोड, घट्ट सिरप. त्यांनी बजावलं होतं, "यानं दिवसातून दोन-तीनदा पोट साफ होईल. व्हायलाच पाहिजे. नाही झालं तर डोक्यावर परिणाम होईल." मी मान डोलावली. आल्यागेल्याला दिसू नये म्हणून ते सिरप मी सरबताच्या बाटलीत ओतून ठेवलं. दोन वर्षं ठीक गेली. ॲसिडिटी गावात मुरली. लोक आबांना लिंबू नका खाऊ, तिखट कमी करा, असे सल्ले देऊ लागले.

भाद्रपदात एका सकाळी नळावर मोठी माय भेटली. ती आमची नातेवाईक नाही, पण विहारातली सगळ्यात म्हातारी बाई, पहिल्या ओळीत बसणारी, म्हणून सगळे तिला मोठी माय म्हणतात. घागर बाजूला ठेवून ती मला म्हणाली, "काल माह्ये गुडघे धरले, येता नाई आलं. त्या माणसाचं पुढं काय झालं व?"

"कोणत्या माणसाचं?"

"तो नाई का, घरी येते तं घरच्याईले तो ओळखूच येत नाई. आबा वाचून राह्यले ना चार दिसापासून. लय भारी अध्याय हाय."

मी वह्या तपासण्याच्या नावाखाली त्या वर्षी विहारात फारशी जात नव्हते. मात्र ग्रंथ मी लहानपणापासून ऐकलेला. असा माणूस त्यात मला आठवेना. आईला विचारलं तर तीही म्हणाली, अध्याय चांगला आहे, पण मनाला कसंतरी होतं. त्या संध्याकाळी मी गेले.

वाचन सुरू होण्याआधी मोठ्या मायनं आबांना स्टीलच्या ग्लासातून पाणी दिलं आणि त्यांनी ते एका दमात घेतलं. शेजारची बाई मला हळूच म्हणाली, "ॲसिडिटी हाय ना त्याईले. रोज खायचा सोडा टाकून देते माय. वाचता वाचता पोट दुखू नये म्हून." मला बरं वाटलं. मी मोठ्या मायकडे पाहून हात जोडले.

आबा वाचू लागले. आवाज तोच, पण एका सुरात, चढउतार न करता.

"तो गृहस्थ संध्याकाळी घरी आला. दार तेच होते, उंबरा तोच होता. आत दिवा लागलेला होता. एका स्त्रीने त्यास पाणी दिले व विचारले, आपण कोणाकडे आलात? तो म्हणाला, मी इथेच राहतो. ती म्हणाली, येणारे सगळे असेच म्हणतात. तेव्हा तो ओसरीवर बसला व घरचा माणूस येण्याची वाट पाहू लागला."

विहारात कोणी हललं नाही. बाहेर म्हैस ओरडली तेवढीच. आबांच्या हातातलं पान फडफडत होतं. वर पंखा होता, म्हणून मी पंख्याकडे पाहिलं. पंखा बंद होता, वीज गेलेली होती आणि आम्ही मेणबत्त्यांच्या उजेडात बसलो होतो. हे मला दिसलं, आणि तरी मी मनात पंख्याचंच कारण नोंदवलं. माणसाला जे नको असतं ते तो असंच बाजूला सारतो, आणि मी तर विज्ञानाची बाई.

घरी येऊन मी ग्रंथ उघडला आणि शोधलं. वर सांगितलंच आहे. मग आबांसमोर बसले.

"आबा, हा अध्याय कुठला?"

"ग्रंथातला."

"कोणत्या पानावर?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, मायेनंही नाही. पोस्टाच्या खिडकीतून पलीकडच्या माणसाकडे पाहावं तसं पाहिलं. "पान वाचणाऱ्याले दिसते," म्हणाले. जवळून त्यांच्या श्वासाला एक वास येत होता, गोडसर आणि कुबट. ओल लागलेली ज्वारी कोठीत बंद राहिली की येतो तसा. मला भीती वाटली. आपल्याच बापाची भीती, आणि ती वाटल्याची लाज. मी ग्रंथ उचलून आत गेले.

पुढचे काही दिवस आई एकेक गोष्ट सांगत गेली. दिवसभर झोपतात. रात्री पायात चप्पल घालून खाटेच्या काठावर बसून राहतात, गाडी यायची असल्यासारखे. एक दिवस ती ज्वारी निवडत होती तेव्हा आबा तिच्यापासून जरा अंतर ठेवून उभे राहिले आणि अदबीनं म्हणाले, "बाई, तुमचे मालक कवा येतीन? तवर थांबतो मी." हे सांगताना आई हसत होती. मग हसू थांबलं, आणि ती सुपातली ज्वारी पुन्हा पहिल्यापासून निवडायला लागली. पंचावन्न वर्षांचा संसार होता त्यांचा.

मी ठरवलं, वय झालंय. विसराळूपणाचा आजार असेल, सहामाही परीक्षा झाल्या की दाखवू. एवढ्यात गावातून एक कुजबुज आली. आबांच्या तोंडून कोणीतरी दुसरंच बोलतं, कोणाला तरी दाखवून घ्या. सांगणारीनं आडूनआडून सांगितलं, पण माझं डोकं फिरलं. तिला ओसरीवर बसवून मी अंधश्रद्धेवर वीस मिनिटं असं काही ऐकवलं की ती बिचारी चहा न घेताच गेली. बोललेला शब्द न् शब्द खरा होता, मला फार समाधानही झालं. पण तिनं निदान काहीतरी वेगळं घडतंय हे ओळखलं होतं. मी 'वय' म्हणून फाइल बंद केली होती.

मागच्या खोलीच्या खिडकीखाली मुंग्यांची रांग लागलेली असायची. काळ्या, जाड, भिंतीवरून खिडकीत आणि खिडकीतून परत. आई रोज हळद टाकायची, दुसऱ्या दिवशी रांग परत तिथेच. आबा त्यांच्याकडे टक लावून बघत. एकदा म्हणाले, "यायले पत्ता बरोबर माईत हाय."

आता त्या दिवसाबद्दल.

नववीच्या वर्गात मी दरवर्षी एक प्रयोग करते. एका मुलीच्या तळहातावर चिमूटभर नवसागर, दुसरीच्या हातावर पानाचा चुना. दोन्ही वर्गभर फिरवायचे, हुंगायला लावायचे. कशालाच वास नाही. मग दोन्ही एकत्र चोळायचे. पहिली बाकं खोकत मागे सरतात, डोळ्यात पाणी येतं. अमोनिया. मुलं दरवर्षी खूश होतात. त्या दिवशी एक मुलगी नाकाला ओढणी लावून म्हणाली, "मॅडम, दोघायलेही वास नव्हता. मंग हा आला कुठून?"

मी दरवर्षीचं उत्तर दिलं. "तो नवसागरात होताच. बांधलेला होता. चुन्यासारखा खार भेटला की सुटतो, हवा होतो, आणि सरळ डोक्यात चढतो." मग लिंबू पिळलं. वास गेला. "आणि आंबट भेटलं की पुन्हा बांधला जातो."

वाक्य पूर्ण झालं आणि माझा लिंबाचा हात तिथेच राहिला. आंबट भेटलं की बांधला जातो. दोन वर्षांपूर्वी डॉक्टर सिरपबद्दल पुढे हेच समजावत होते, मी नुसती मान डोलावत होते. ते गोड सिरप आतड्यात जाऊन आंबट होतं आणि तिथला अमोनिया बांधून बाहेर काढतं. आणि खार भेटला की सुटतो. स्टीलचा ग्लास. खायचा सोडा. रोज संध्याकाळी, माझ्या डोळ्यांसमोर, आणि मी हात जोडलेले. मुली माझ्याकडे बघत होत्या. मी लिंबू टेबलावर ठेवलं आणि बाहेर व्हरांड्यात येऊन आईला फोन लावला.

"आबांचं पोट कधी साफ झालं?"

"काऊन व? आज तं नाई." आई विचार करत होती. "परवा... नाई. पाच दिस झाले असतीन."

"सिरप घेतात ना?"

"मी चमचा भरून देते. ते खिडकीपाशी जाऊन घेतात."

मुंग्या. आबा रोज सिरप खिडकीबाहेर टाकत होते. का, ते मला कोणी सांगायची गरज नव्हती. दोन तास वाचायला बसायचं, मध्ये दोनदा उठून जावं लागलं तर लोक विचारणार, ॲसिडिटीत असं होतं का हो? माझं खोटं निभावायला त्यांनी औषध सोडलं होतं, आणि तेच खोटं खरं मानून मोठी माय त्यांना सोडा पाजत होती.

गाडी मिळेपर्यंत आणि उंद्रीहून ऑटो मिळेपर्यंत संध्याकाळ झाली. मी पोचले तेव्हा आई दारात होती, आबा विहारात जाऊन बसले होते. मी चपला काढल्या नाहीत, तशीच विहाराच्या दारापर्यंत गेले, मग काढल्या. आत तीस-पस्तीस माणसं पांढऱ्या कपड्यांत, माना खाली घालून बसलेली. रिकामा ग्लास आबांच्या गुडघ्याशी होता. ते वाचत होते.

"मग त्या गृहस्थास एका सभेत नेऊन बसविले. समोर शुभ्र वस्त्रे नेसलेली माणसे होती. ती सर्व त्यास ओळखत होती. तो त्यांपैकी कोणासही ओळखत नव्हता. परंतु तसे म्हणणे बरे दिसले नसते. त्याच्या हातात एक ग्रंथ देण्यात आला. त्यात काही लिहिलेले नव्हते. माणसे वाट पाहत होती. म्हणून तो वाचू लागला."

इतके दिवस सगळे कथा ऐकत होते. कथा नव्हतीच ती. आबा जिथे अडकले होते तिथून रोज संध्याकाळी आम्हाला कळवत होते, त्यांना जमेल त्या एकाच पद्धतीनं. आणि आम्ही नियम पाळून, मान खाली घालून, न टोकता ऐकत होतो.

मी माणसांमधून पुढे गेले. कोणीतरी माझा पदर ओढला, खाली बस म्हणून. त्या विहारात वाचणाऱ्याला आजवर कोणी थांबवलं नव्हतं. मी आबांच्या हातातला ग्रंथ काढून घेतला. तो शेवटच्या कोऱ्या पानावर उघडा होता, पुठ्ठ्याच्या अलीकडच्या. ग्रंथ गेला तरी त्यांचे दोन्ही हात तसेच पुढे राहिले आणि मनगटातून वरखाली, वरखाली पडत राहिले. पान वाऱ्यानं फडफडत नव्हतं हे तेव्हा सगळ्यांनीच पाहिलं. डोळे माझ्या चेहऱ्यावर होते, पण माझ्यापर्यंत पोचत नव्हते.

"यांना ॲसिडिटी नाही," मी म्हणाले. माझा आवाज वर्गात लागतो तसा लागला, नको इतका मोठा. "लिव्हर खराब आहे. दोन वर्षांपासून. दारूनं नाही, जुन्या काविळीनं. ॲसिडिटी मी खोटं सांगितली. आत्ता गाडी पाहिजे."

गाडी लगेच आली, ते मात्र गावाचं मानलं पाहिजे. बुलढाण्याला पोचेपर्यंत आबा हाक मारली तरच डोळे उघडत होते. दवाखान्यात त्यांना एनिमा दिला, नळीतून सिरप दिलं, सलाइनमधून काय काय दिलं. डॉक्टर रागावले नाहीत, तेच जास्त लागलं. त्यांनी मला बाजूला घेऊन समजावलं. आपण डाळ खातो, दूध पितो, अंडं खातो, त्यातून पोटात अमोनिया तयार होतोच. लिव्हर तो अमोनिया आणि त्याच्याबरोबर रक्तातला थोडा खार असे दोन्ही खर्चून युरिया बनवतं, तो लघवीवाटे जातो. शेतात टाकतो तोच युरिया. लिव्हर थकलं की अमोनिया रक्तात राहतो. त्यात वरून सोडा घेतला, रक्त आणखी खाराकडे झुकलं, की तो सुटा होऊन मेंदूत सहज शिरतो. "मुख्य कारण सिरप बंद होणं आणि पोट तुंबणं," ते म्हणाले, "सोड्यानं भर घातली." मी मान डोलावली नाही. वही काढून लिहून घेतलं.

पहिल्या दिवशी काही फरक पडला नाही. आई त्यांच्या पायाशी बसून होती. तिनं मला एकदाच विचारलं, "हे परत येतीन ना?" दवाखान्यात पडलेल्या माणसाबद्दल असं कोणी विचारत नाही, बरे होतील का असं विचारतात. पण तिनं बरोबर विचारलं होतं.

दुसऱ्या सकाळी आबांनी डोळे उघडले, आईकडे पाहिलं आणि म्हणाले, "चहा भेटते का व इथं?" आई रडायला लागली. मीही रडले, नर्ससमोर, अगदी नाक पुसत. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "ग्रंथ कोण वाचून राह्यलं?"

घरी आल्यावर मोठी माय भेटायला आली. ओसरीच्या पायरीवरच बसली, वर येईना. "म्या पाजलं व त्याईले. माह्या हातानं." मी तिच्याजवळ खालीच बसले. "तुम्ही ॲसिडिटीवर सोडा दिला, माय. ॲसिडिटी माझी होती." तिला ते पटलं की नाही माहीत नाही. तिनं पुन्हा कधी कोणाला काही प्यायला दिलं नाही. त्याचंही मला वाईट वाटतं.

'लिव्हर' ऐकून एकदोघांनी भुवया उडवल्या. त्या उडणारच होत्या. बाकी जग होतं तिथेच राहिलं. आबांच्या शब्दावर दारू सोडलेल्यांपैकी एकानं मला रस्त्यात गाठलं तेव्हा मी तयारीतच होते, पण तो वेगळंच बोलला. काही दिवसांपूर्वी मी त्याला विचारलं होतं, तुम्ही इतकी वर्षं ग्रंथ ऐकता, हा अध्याय त्यात नाही हे कोणाच्याच लक्षात आलं नाही का? तो म्हणाला, "आलं ना मॅडम. दुसऱ्याच दिशी आलं. पण वाचणाऱ्याले टोकावं कसं? अन् घरात तुमी हा. आमाले वाटलं, तुमाले ठाऊकच असन."

आश्विन पौर्णिमेपर्यंत दुसऱ्याच माणसानं वाचलं. आबा भिंतीला टेकून ऐकायला बसायचे, मध्ये खुशाल उठून जायचे, कोणी काही विचारत नसे.

तो अध्याय त्यांना अजिबात आठवत नाही. मी ऐकवला तेव्हा म्हणाले, "असं कुठी असते का ग्रंथात?" ती सकाळची वेळ, मी सिरपचा चमचा घेऊन उभी. बाटली आता औषधाचीच असते, दर्शनी फळीवर.

"एक आठवते," ते म्हणाले. "संध्याकाळी एक बाई चहा आणून दे. पांढऱ्या कपात. समोर उभी राहे, कप रिकामा होयेलोक. कोणाची बाई हाय, कोणाच्या घरी बसलो मी, काईच समजे नाई. तू होय ते, आता समजते."

"मग विचारलं का नाही, कोण तू म्हणून?"

"तू भेलेली दिसे. मले वाटलं, ही लेक आंधीच भेऊन राह्यली, हिले अजून काऊन भेववा. म्हून चहा पेऊन घेतला."

मी चमचा पुढे केला आणि म्हणाले, "आबा, डॉक्टर म्हणतात हे पुन्हा होऊ शकतं. पुन्हा कधी मी कोण ते समजलं नाही, तर मला विचारायचं. लगेच विचारायचं."

"इचारीन ना," आबा म्हणाले. त्यांनी चमचा माझ्या हातून घेतला, सिरप गिळलं आणि चमचा परत दिला. "पण मले तवा काईच समजत नसन. तू सांगशीन तेच खरं धरा लागन मले. मंग तू खरं सांगशीन ना?"